दोन दिवसांत स्क्रम मास्टर: पदरचे पैसे भरून आलेल्या एका टेस्टरचा अभिप्राय

पोस्टरवर फी २१,५०० रुपये. पैसे भरायच्या पानावर गेलं की त्यावर १८ टक्के जीएसटी चढतो आणि आकडा २५,३७० वर जातो. हे आधीच सांगून टाकते, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. कंपनीकडून परतावा मिळेल का असं एचआरला विचारलं, तर उत्तर आलं, ‘पास झाल्यावर, पुढच्या आर्थिक वर्षात, बजेट असेल तर.’ म्हणजे नाही. नवऱ्याला आकडा सांगितला तेव्हा तो एवढंच म्हणाला, ‘दोन दिवसांत मास्टर? आमच्या कराडला आयटीआयमध्ये दोन वर्षं घालवल्यावर माणूस नुसता फिटर होतो.’

अजाइल म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या छोट्या टप्प्यांत बनवायची रीत, स्क्रम हा तिचा एक प्रकार, आणि टीमला तो नीट पाळायला मदत करणारा तो स्क्रम मास्टर. संस्थेचं नाव लिहीत नाही. पुण्यात सीएसएमचे, म्हणजे सर्टिफाइड स्क्रम मास्टरचे, वर्ग घेणाऱ्या अशा बऱ्याच संस्था आहेत आणि मैत्रिणींचे अनुभव ऐकले तर सगळीकडे साधारण हीच थाळी वाढतात. भाजी इकडची तिकडे, एवढाच फरक.

माझ्याबद्दल थोडं. मी टेस्टर, म्हणजे सॉफ्टवेअर तपासून त्यातल्या चुका शोधणारी. पंधरा वर्षं झाली, त्यातली बारा मॅन्युअल, म्हणजे सगळं हाताने तपासण्यात. ऑटोमेशन, म्हणजे तपासणीसाठी प्रोग्रॅम लिहिणं, शिकले, पण उशिरा. आमच्या टीमला अजाइल होऊन सहा वर्षं झालीत. म्हणजे काय, तर दर दोन आठवड्यांना स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक टप्पा, आणि रोज सव्वादहाला स्टँडअप, म्हणजे उभ्या-उभ्या उरकायची छोटी बैठक. नाव स्टँडअप, पण अकरा माणसं खुर्चीत बसून पाऊण तास मॅनेजरला हिशेब देतात. ‘काल काय केलं, आज काय करणार.’ आपली पाळी झाली की प्रत्येक जण म्यूट करून दुसरं काम उघडतो. मागच्या वर्षी त्यात नवी भर पडली. प्रत्येकाने किती स्टोरी पॉइंट (स्टोरी म्हणजे एक छोटं काम, पॉइंट म्हणजे ते किती मोठं वाटतं त्याचा आकडा) उरकले ते अप्रेजलच्या शीटमध्ये आलं. त्या दिवसापासून बटणावरचा मजकूर बदलायचं काम दोन पॉइंटांवरून पाच पॉइंटांचं झालं. काम तेवढंच, महागाई वाढली. आणि टेस्टरला पॉइंट कसे द्यायचे हे कोणालाच ठरवता येईना, म्हणून आम्हाला मोजायला बग, म्हणजे सापडलेल्या चुका, ठेवले.

त्यातच नोकरीच्या साइटवर प्रोफाइल ताजं केल्यावर येणाऱ्या फोनांत दर तिसऱ्या फोनला एकच प्रश्न. ‘मॅडम, सीएसएम आहे का?’ नाही म्हटलं की पलीकडचा मुलगा ‘ओके मॅडम’ म्हणून फोन ठेवतो, बाकीची पंधरा वर्षं ऐकूनही घेत नाही. तर मी गेले ती त्या फोनांसाठी. ज्ञान मिळवायला वगैरे गेले असं म्हणणार नाही.

जागा बालेवाडीतल्या एका हॉटेलचा बँक्वेट हॉल. शनिवार-रविवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. सव्वीस जण, सहा गोल टेबलं, खुर्च्यांना लग्नातले सॅटिनचे झगे. पार्किंग फुकट, पण पाठीमागच्या गल्लीत. जेवण चांगलं, यात शंका नाही. शनिवारी गुलाबजाम गरम होते. फक्त रविवारी शेजारच्या हॉलमध्ये कोणाचा तरी साखरपुडा होता आणि ‘सायकॉलॉजिकल सेफ्टी’च्या (म्हणजे न घाबरता चूक सांगता येण्याच्या) स्लाइडला बरोबर सनईची साथ मिळाली.

सर पन्नाशीचे. एके काळी कोबोल या जुन्या भाषेत प्रोग्रॅम लिहायचे, हे त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं आणि मला माणूस आवडला. नुसते प्रशिक्षण देत फिरणारे आणि स्वतः रात्री दोनला प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहकांकडे चालू असलेलं सॉफ्टवेअर, सावरलेले यांच्या बोलण्यात फरक असतो. यांनी सावरलेलं होतं. इंग्रजीत शिकवायचे, पण एखादी गोष्ट पटवायची असली की नकळत मराठीवर यायचे. ‘अहो, बॅकलॉग म्हणजे माळा नाही हो, सापडेल ते टाकून द्यायला.’ (बॅकलॉग म्हणजे पुढे करायच्या कामांची यादी.)

पहिल्या दिवसाची सकाळ मात्र फुकट गेली. दीड तास इतिहास. फेब्रुवारी २००१, अमेरिकेतल्या युटा राज्यातलं स्नोबर्ड नावाचं बर्फातलं ठिकाण, सतरा माणसं जमली आणि त्यांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला. सतराच्या सतरा पुरुष, हे स्लाइडवर नव्हतं, मी मनात नोंदवलं. त्यातले ब्रायन मॅरिक टेस्टिंगमधले, हेही नव्हतं, ते मी टेबलावरच्यांना सांगितलं. कोणाला फारसं कौतुक वाटलं नाही. मग स्क्रम हा शब्द रग्बीतून कसा आला, १९८६ मध्ये ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी तो नवीन वस्तू घडवणाऱ्या टीमसाठी कसा वापरला, १९९५ मध्ये केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी सॉफ्टवेअरसाठी तो जगापुढे कसा मांडला. हे सगळं घरी बसून वाचता येतं. २५ हजार देऊन ऐकायचं नव्हतं.

शिवाय स्लाइड जुन्या. ‘वॉटरफॉलचे जनक’ (वॉटरफॉल म्हणजे एक पायरी पुरी संपवूनच पुढची घ्यायची जुनी पद्धत) म्हणून विन्स्टन रॉइस यांचा फोटो. हा अन्याय मला सहन होत नाही. रॉइस यांचा १९७० चा तो निबंध अकरा पानांचा आहे. पायऱ्या उतरत जाणारी ती आकृती त्यांनी काढली खरी, पण काढल्याबरोबर पुढे लिहिलंय की असं सरळ करायला जाल तर धोका आहे, चाचणी शेवटी येते आणि तिथे खोट सापडली की सगळं उलटं फिरवावं लागतं. आणि वॉटरफॉल हा शब्द त्यांनी त्यात वापरलाच नाही. म्हणजे ज्या माणसाने टेस्टरची अडचण पन्नास वर्षांपूर्वी छापून ठेवली, त्यालाच आपण खलनायक करून भिंतीवर लावतोय. मी हात वर करून हे बोलले. सर म्हणाले, ‘बरोबर आहे तुमचं, संस्थेच्या स्लाइड आहेत, मला बदलू देत नाहीत.’ अजाइल शिकवणाऱ्या संस्थेत स्लाइड बदलायला परवानगी लागते. असो.

डेली स्क्रमचे, म्हणजे त्या रोजच्या स्टँडअपचे, ते तीन प्रश्नही स्लाइडवर अजून होते. काल काय, आज काय, अडचण काय. स्क्रम गाइडच्या, म्हणजे स्क्रमच्या मूळ नियमपुस्तिकेच्या, नोव्हेंबर २०२० च्या आवृत्तीतून ते काढून टाकलेत. तिथे एवढंच आहे की पंधरा मिनिटांत, काम करणाऱ्यांनी आपसांत, स्प्रिंटच्या उद्दिष्टाकडे किती सरकलो ते बघून पुढच्या दिवसाचा बेत ठरवायचा, कसा ते त्यांचं त्यांनी बघावं. आमच्याकडे मॅनेजर त्या तीन प्रश्नांवर हजेरी घेतात. सोमवारी ऑफिसात जाऊन त्यांना हे दाखवायचं मी ठरवलं. दाखवलं नाही. ते पुढे.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. शनिवारी जेवणानंतर, गुलाबजाम अंगावर आलेले असताना, सरांनी एकाआड एक टेबलावर कापडी पुरचुंडी ठेवली. आत एक रुपयाची वीस नाणी. खेळ साधा. चार जण कामगार म्हणून ओळीने बसायचे. प्रत्येकाने वीसही नाणी उलटी करायची, तीही डाव्या हाताने, मग ढीग पुढच्याकडे सरकवायचा. आमच्या टेबलावर एक डावखुरा निघाला, त्याला उजवा हात वापरायला लावला. प्रत्येक कामगाराच्या मागे एक मॅनेजर मोबाइलवर स्टॉपवॉच लावून उभा. त्याने फक्त आपल्या माणसाचा वेळ मोजायचा. आणि टोकाला एक ग्राहक. पहिलं नाणं हातात कधी आलं आणि शेवटचं कधी, एवढंच त्याने लिहायचं. आमच्या टेबलावर माणसं कमी पडली म्हणून पलीकडच्या टेबलावरून उसनी आणली.

मी ओळीत तिसरी. माझ्या मागे एक गृहस्थ उभे होते, खऱ्या आयुष्यातही डिलिव्हरी मॅनेजर, वीस वर्षांचा अनुभव, गळ्यातलं ओळखपत्र सुट्टीच्या दिवशीही गळ्यातच.

पहिली फेरी, वीसचा ढीग. पहिल्या माणसाची नाणी खणखणत असताना मी हात बांधून बसलेली. मग ढीग माझ्याकडे आला आणि सगळं टेबल माझ्याकडे बघायला लागलं. डाव्या हाताने नाणं उलटायचं म्हणजे नखाने उचकावं लागतं. हल्लीचा रुपया एवढा लहान आणि पातळ की टेबलावर चिकटूनच बसतो. एक नाणं खाली पडलं, खुर्चीच्या सॅटिनच्या झग्यात शिरलं, सगळे ‘अहो लवकर’ म्हणून ओरडले. हा प्रसंग मी ओळखते. दर दुसऱ्या शुक्रवारी आमच्या ऑफिसात हाच होतो. आठ दिवस डेव्हलपर काम करतात, नवव्या दिवशी संध्याकाळी सगळ्या स्टोऱ्या एकदम माझ्या अंगावर येतात आणि मग ‘टेस्टिंगमुळे अडलंय’ असं मेलमध्ये लिहिलं जातं. माझा वेळ चोवीस सेकंद. ग्राहकाच्या हातात पहिलं नाणं एक मिनिट एक्केचाळीस सेकंदांनी. शेवटचंही तेव्हाच, कारण ढीग एकच.

दुसरी फेरी, पाच-पाचचे गठ्ठे. पाच उलटली की सरकवायची. ग्राहकाला पहिली पाच अठ्ठाविसाव्या सेकंदाला, सगळी एकोणपन्नासाव्या. तिसरी फेरी, एकेक नाणं. उलटलं की पुढे. पहिलं नाणं सहाव्या सेकंदाला पोचलं, विसावं सदतिसाव्या. काम तेच, माणसं तीच, हात डावाच. १०१ सेकंदांचे ३७ झाले.

इथपर्यंत टाळ्या. मग सरांनी मॅनेजर लोकांना आपापल्या माणसाचे आकडे वाचायला सांगितले. माझे तीन फेऱ्यांचे चोवीस, अठ्ठावीस, एकतीस. सगळ्यांचं तसंच. ग्राहकाला माल जसजसा लवकर मिळत गेला, तसतसा एकेका कामगाराचा वेळ वाढत गेला. कारण उघड आहे. एकेक नाणं घ्यायचं म्हणजे शेजाऱ्याची वाट बघायची, त्याच्या चालीने चालायचं. माझ्या मागचे गृहस्थ मोबाइलकडे बघत म्हणाले, ‘पण माझा माणूस तर स्लो झाला.’ हॉल हसला. ते हसले नाहीत. ते खरंच विचारात पडले होते. सरांनीही त्यांची थट्टा केली नाही. म्हणाले, ‘बरोबर. आणि तुम्ही यांना रेटिंग काय द्याल? पहिल्या फेरीला ए, तिसऱ्या फेरीला सी. म्हणजे पुढच्या वर्षी ही मंडळी पुन्हा वीसचा ढीग करतील. तुम्ही नको म्हणालात तरी करतील.’

त्या वाक्यापाशी माझे पैसे वसूल झाले, निदान निम्मे तरी. आमच्या टीममधली माणसं आळशी नाहीत, लबाडही नाहीत. आम्ही फक्त आपापलं स्टॉपवॉच सांभाळतोय. ज्याच्या अप्रेजलला पॉइंट धरतात तो डेव्हलपर आधीची स्टोरी टेस्टिंगला पोचवण्याच्या खटपटीत का पडेल? तो पुढची उचलतो.

चहाच्या वेळेला मी सरांना गाठून आमची पॉइंटांची शीट सांगितली. ते म्हणाले, मोबाइलवर स्क्रम गाइड उघडा आणि ‘स्टोरी पॉइंट’ शोधा. तेरा-चौदा पानांची पीडीएफ, फुकट मिळते. शोधलं. एकदाही नाही. ‘व्हेलॉसिटी’, म्हणजे टीम एका स्प्रिंटला किती पॉइंट उरकते तो वेग? तीही नाही. ‘यूझर स्टोरी’? नाही. सहा वर्षं ज्या शब्दांनी आमची सकाळ सुरू होते ते मुळात स्क्रमच्या पोथीतच नाहीत. स्टोऱ्या आणि पॉइंट आले एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या दुसऱ्या अजाइल पद्धतीकडून, आणि सर म्हणाले की पॉइंट बहुधा आपणच काढले असतील आणि तसं असेल तर आता वाईट वाटतंय, अशी कबुली रॉन जेफ्रीज यांनी स्वतः लिहून दिली आहे. जेफ्रीज हेही त्या स्नोबर्डच्या सतरांतले. पॉइंट हा अंदाज होता, काम किती मोठं वाटतंय याचा. तो पगाराशी बांधला की अंदाज राहत नाही, मग तो भाव होतो.

दुसऱ्या दिवसाचं मोटिव्हेशनचं सत्र मात्र कंटाळवाणं. सुरुवातीला मास्लोचा माणसाच्या गरजांचा पिरॅमिड, जो आता बहुतेक बालवाडीतच शिकवत असावेत. पण मध्येच सरांनी दोन प्रयोग सांगितले ते घेऊन ठेवण्यासारखे. एक मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांचा, १९७१ चा. विद्यार्थ्यांना ठोकळ्यांचं कोडं सोडवायला दिलं. काही जणांना मधल्या टप्प्यात दर सुटलेल्या कोड्याला एक डॉलर दिला, मग देणं बंद केलं. पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात कोड्याला हात लावायचं त्यांचं प्रमाण घटलं. ज्यांना मुळात पैसे दिलेच नव्हते ते आपले खेळत राहिले.

हे ऐकताना मला माझी आधीची कंपनी आठवली. तिथे महिन्यात सगळ्यात जास्त बग काढणाऱ्या टेस्टरला हजार रुपयांचं व्हाउचर असायचं. पहिल्या महिन्यात मजा आली. दुसऱ्या महिन्यापासून एका बगाचे तीन व्हायला लागले. क्रोममध्ये दिसतो तो एक, फायरफॉक्समध्ये दिसतो तो दुसरा, मोबाइलवर तिसरा. मीही केले, खोटं कशाला बोलू. व्हाउचर मिळालं, प्रेशर कुकर घेतला, अजून चालतोय. पण व्हाउचर बंद झाल्यावर वर्षभर माझं मन नुसतं शोधाशोध करण्यात रमेना. आधी रमायचं. एखादा अवघड बग पकडल्यावर जेवणाची आठवण राहायची नाही अशी मी होते.

दुसरा प्रयोग एमी एडमंडसन यांचा, रुग्णालयातला. चांगल्या चालणाऱ्या टीमच्या हातून औषध देण्यात चुका कमी होत असतील असं वाटून त्या बघायला गेल्या. आकडे उलटे. चांगल्या टीमच्या चुका जास्त. पुढे लक्षात आलं की त्या टीम चुका जास्त करत नव्हत्या, जास्त सांगत होत्या. बाकीच्या दडवत होत्या. सनई वाजत होती ती इथेच. आणि मला आमच्या टीममधला एक मुलगा आठवला, हुशार, दोन वर्षांचा अनुभव. हल्ली तो माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणतो, ‘ताई, जिरामध्ये टाकू नका ना, तोंडी सांगा, लगेच करून देतो.’ कारण जिरामध्ये, म्हणजे बग नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्याच्या नावावर चढलेले बग त्याच्या शीटमध्ये उणे. आणि मी टाकले नाहीत तर माझ्या शीटमध्ये उणे. दोघांचं भांडण लावून देणारी ती शीट मात्र म्हणते ‘वन टीम’.

मग सगळ्यांनी चिकटचिठ्ठ्यांवर आपल्या ऑफिसात न बोलता येणारी एक गोष्ट लिहायची, नाव न घालता, आणि भिंतीवर लावायची. रेट्रोस्पेक्टिव्ह, म्हणजे स्प्रिंट संपल्यावर काय जमलं, काय चुकलं ते बोलायची बैठक, कशी घ्यावी याचा सराव. बऱ्याच चिठ्ठ्या गुळमुळीत. ‘कम्युनिकेशन गॅप’, ‘रिक्वायरमेंट क्लॅरिटी’. एका पिवळ्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात मराठीत लिहिलं होतं, ‘मला हे काम आवडायचं.’ भूतकाळात. कोणी लिहिलं ते कळलं नाही. सरांनी ती वाचली, परत भिंतीला लावली आणि त्यावर काहीच बोलले नाहीत. त्यांना शब्द सुचले नाहीत की मुद्दाम गप्प बसले, सांगता येत नाही. मला ते बरं वाटलं.

करिअरचं सत्र. इथे संस्थेला माझ्याकडून शून्य. पोस्टरवर ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ लिहिलंय, त्याचा अर्थ वर्डमधला सीव्हीचा एक नमुना आणि एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. त्या ग्रुपवर आजवर एकही नोकरी आली नाही, पण पुढच्या कोर्सच्या जाहिराती आणि रोज सकाळी सुविचार येतात. संस्थेच्या मार्केटिंगच्या मुलाने येऊन अर्धा तास आकडे फेकले, स्क्रम मास्टरला एवढे लाख, तेवढे लाख. जानेवारी २०२३ मध्ये कॅपिटल वन या अमेरिकन बँकेने अजाइलच्या खास हुद्द्यांवरची अकराशेहून अधिक पदं एका फटक्यात काढून टाकली, ती कामं इंजिनिअर आणि प्रॉडक्टवाल्यांकडे वाटली, हे त्याच्या स्लाइडवर कसं असेल? मी विचारलं. तो म्हणाला, ‘मॅडम, ते यूएसमध्ये.’ जणू आपले क्लायंट बारामतीत बसलेत.

परीक्षेचं सांगते. सीएसएमला पन्नास प्रश्न, एक तास, सदतीस बरोबर आले की पास. घरी बसून ऑनलाइन. कोर्स झाल्यापासून नव्वद दिवसांत दोन संधी फीमध्येच. मला पंचवीस मिनिटं लागली आणि सेहेचाळीस आले, ती काही फार बुद्धीची गोष्ट नाही, दोन दिवस जागे राहिलात तर पास होता येतं. पण दर दोन वर्षांनी शंभर डॉलर आणि वीस शिक्षण-गुण भरून नूतनीकरण करावं लागतं, हे पोस्टरवर नाही, आणि विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. ज्यांना नुसता सीव्हीवर शिक्का हवाय त्यांनी श्वेबर यांच्याच स्क्रम डॉट ऑर्गची पीएसएम-१ परीक्षा बघावी. कोर्सची सक्ती नाही, शिक्क्याला मुदत नाही. मात्र पेपर कडक आहे. तासाभरात ऐंशी प्रश्न, पंच्याऐंशी टक्के लागतात. माझ्या धाकट्या जावेने गाइड चार वेळा वाचून, सरावाचे पेपर सोडवून दिली आणि पास झाली. तिच्या खर्चात माझा जीएसटीसुद्धा बसला नसता, असं म्हणण्याचा मोह होतोय, पण ते खरं नाही, डॉलरमध्ये फी आहे, जीएसटीहून जास्तच पडली असणार.

सोमवारी ऑफिसात काय झालं? मॅनेजरना गाइड दाखवायला गेले, तर ते क्लायंट कॉलवर. दुसऱ्या दिवशी मीच गार पडले. अंगात शिरलेलं वारं साधारण मंगळवारपर्यंत टिकतं. गुरुवारी मात्र मी घरातल्या डब्यातून वीस सुटी नाणी नेली. सगळे रुपये नव्हते, काही दोनचे होते, चाललं. चहाच्या वेळेला चार डेव्हलपरांना खेळायला बसवलं. व्याख्यान दिलं नाही. तिसऱ्या फेरीनंतर आमचा लीड स्वतःच म्हणाला, ‘म्हणजे आपण तुम्हाला वीसचा ढीग देतो.’ मग बोर्डावर ठरलं, पाच डेव्हलपरांत एका वेळी तीनच स्टोऱ्या उघड्या. हे स्क्रममध्ये नाही, कानबान या दुसऱ्या पद्धतीतलं आहे, टोयोटाच्या कारखान्यातून आलेलं. कोर्समध्ये त्यावर फक्त दहा मिनिटं होती, खरं तर अर्धा दिवस हवा होता.

पहिला स्प्रिंट फसला. दोघं जण रिकामे बसले आणि लाजून चौथी स्टोरी गुपचूप उघडली, बोर्डावर न लावता. दुसऱ्या स्प्रिंटला त्यातला एक जण माझ्या शेजारी येऊन बसला आणि माझ्याबरोबर टेस्ट केस लिहायला लागला, तोच तो ‘ताई, तोंडी सांगा’वाला. तिसऱ्या स्प्रिंटच्या शुक्रवारी मी साडेसहाला निघाले. वाकडच्या पुलावर उजेड होता. मुलीने दार उघडलं आणि विचारलं, ‘बरं नाही का तुला?’

शीट अजून तशीच आहे. अप्रेजलला काय होईल ते मार्चमध्ये कळेल. आणि नोकरी बदलली का, तर नाही. तीन ठिकाणी मुलाखती दिल्या. सीएसएममुळे फोन पुढे सरकतो हे खरं, पण आत गेल्यावर दोन ठिकाणी पहिला प्रश्न, ‘तुमच्या टीमची व्हेलॉसिटी किती?’ तिसऱ्या ठिकाणी स्क्रम मास्टर म्हणजे मिटिंगा लावणारा आणि सगळ्यांना स्टेटसची आठवण करून देणारा असं त्यांनीच मला समजावून सांगितलं. आमच्याच कंपनीने टेस्टिंग सांभाळून स्क्रम मास्टरचंही काम बघा म्हटलंय. कामं दोन, पगार एक.

जावं की नाही, असं विचाराल तर सर कोण आहेत ते आधी विचारा, संस्था कोणती ते नंतर. पुरचुंडी काढणारे असतील तर जा. टीममधले दोघं-तिघं मिळून गेलात तर जास्त चांगलं, एकटीने येऊन सांगण्यात फार दम जातो. पाच वर्षांच्या आत अनुभव असेल तर थांबा, ते पैसे ऑटोमेशनला किंवा एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसची भाषा, नीट शिकायला लावा. मी तसं केलं असतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

एक राहिलं. रविवारी निघताना फीडबॅकचा फॉर्म भरल्याशिवाय परीक्षेची लिंक मिळत नव्हती. दहापैकी गुण द्यायचे. मी सात दिले, सरांच्या नावापुढे नऊ. सोमवारी सकाळी मी बसमध्ये असताना संस्थेतून एका मुलीचा फोन आला. आवाज अगदी लहान. ‘मॅडम, सात का दिले? काही प्रॉब्लेम झाला का?’ मी स्लाइडचं सांगितलं, रॉइस यांचं सांगितलं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं सांगितलं. तिने सगळं ‘हो मॅडम, हो मॅडम’ करत ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, ‘मॅडम, नऊच्या खालचा फॉर्म आला की माझ्या अप्रेजलमध्ये धरतात. मी लिंक परत पाठवते, बदलाल का प्लीज?’

मी बदलले. दहा दिले. संस्थेच्या साइटवर दिसतील.